उतरायची परवानगी

२ नोव्हेंबर, शनिवार

मार्चनंतर या वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

सकाळी चर्चमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना होती. मी आई, बाबा आणि भावाचं नाव दिलं. आजीचं, मार्सेलिनाचं, नाव देताना दरवर्षीसारखी अडखळले, कारण तिची कबर कुठे आहे तेच मला ठाऊक नाही. पंचेचाळीसच्या वादळात वाहून गेली, एवढंच आई सांगायची आणि चुलीकडे वळायची. बाहेर आले तर पायरीवर फेर्मिन उभा. माझ्या भावाचा मुलगा, टार्पन क्रीक गावचा चेअरमन, आणि भाऊ गेल्यावर नवव्या वर्षापासून माझ्या हातची कसाव्याची पेज पिऊन वाढलेला. त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की यंदा एकोणीस तारखेचं उतरणं, पूर्वज होड्यांतून आले त्याचा दरवर्षीचा खेळ, नदीच्या तोंडाशी होणार नाही. उत्तरेकडच्या पांढऱ्या हॉटेलच्या किनाऱ्यावर होईल. सकाळी दहा वाजता.

दहा का, तर हॉटेलातले पाहुणे उशिरा उठतात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजांनी आमच्या लोकांना युरुमेन बेटावरून उपटून काढलं तेव्हा तुमचा नाश्ता झाला का म्हणून कोणी विचारलं नव्हतं. निम्म्याहून जास्त माणसं पहिल्याच ओसाड बेटावर तापाने आणि उपासाने मेली. उरलेल्यांना रोआतान बेटावर नेऊन टाकलं. तिथून आमची माणसं होड्या वल्हवत या किनाऱ्याला लागली, बायकांनी कसाव्याच्या कांड्या झग्यात लपवून आणल्या, आणि ती पहाटे उतरली. पहाटे. गेली एकतीस वर्षं मी हे उतरणं बसवते आहे, तेही पहाटेच. होडी किनाऱ्यासमोर तीन फेऱ्या घेते. दोनदा किनाऱ्यावरचा इंग्रज साहेब हात हलवून परत घालवतो. तिसऱ्या फेरीला होडीतली वडीलधारी बाई उभी राहते आणि म्हणते, "आमच्याकडे कसाव्याशिवाय काही नाही. उतरू द्याल का?" साहेब म्हणतो, "उतरा." मग ढोल सुरू होतात. ही वाक्यं मी लिहिलेली आहेत. तीन वर्षांपासून ती म्हणतेही मीच, आणि साहेबाचा लाल कोट घालतो चेअरमन.

म्हणजे फेर्मिनच. त्या कोटाची बटणं मी शिवलेली आहेत, याची तरी लाज वाटायला हवी होती.

४ नोव्हेंबर

त्याच्या अंगणात जाऊन त्याला चांगला फैलावर घेतला. तो बोटीचं इंजिन उघडून बसला होता, हात काळे, मान खाली. मी पाऊण तास बोलले. शेवटी तो म्हणाला, "आत्या, वेळेचं मी बघतो. जागा मात्र मी सांगितली तीच."

एवढंच. वर विचारतो काय, तर पणजी मार्सेलिना जन्मली कुठे, आणि तिच्या कबरीबद्दल तुझी आई नक्की काय म्हणायची. इथे मी रक्त आटवतेय आणि हा विषय बदलतोय. कॉलेजात शिकत असताना मी म्हाताऱ्या माणसांचं बोलणं लिहून घेतलेली एक वही होती, तीही मागितली. म्हटलं, पेटीत असेल, वाळवीने ठेवली असेल तर. संध्याकाळी येऊन पेटीच उचलून घेऊन गेला. जाता जाता माझी गळकी टाकी बघायला लागला. मी हात लावू नकोस म्हणून सांगितलं, तरी लावला. आता गळत कमी आहे पण रात्रभर घोरते.

६ नोव्हेंबर

पांढऱ्या हॉटेलचा मॅनेजर व्हिटबी घरी आला. आखूड चड्डी, लांब पाय, उन्हाने लाल झालेली मान. अस्सल इंग्रज. दोनशे वर्षांपूर्वी आम्हाला हाकललं, आता बोलवायला आलेत, तेही त्यांच्या सोयीने. हातात टोपली: फळं, मेणबत्ती, कागदात गुंडाळलेला साबण. मी खुर्ची दिली. आपल्यात दारात आलेल्याला खुर्ची देतात, नाहीतर दिली नसती.

त्याचं म्हणणं फार गोड होतं. कार्यक्रम सुंदर आहे, फक्त लांब आहे. पंधरा मिनिटांत बसवता येईल का? तीन फेऱ्यांऐवजी एक केली तर? पाहुण्यांना दुसऱ्या फेरीला वाटतं की काहीतरी बिघडलंय. आणि उतरू द्याल का असं मी विचारलं की सगळ्या पाहुण्यांनी एका सुरात 'वेलकम' म्हणावं, त्याचं चित्र फार छान येईल. मी विचारलं, घालवून देताना काय म्हणतील मग? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे, न्यायाला धरून. माणसाने माझं पुस्तक वाचलंय. 'आपल्या गावाचा इतिहास', चौथीसाठी लिहिलेलं, निळ्या कव्हरचं. गावात त्याच्या पानांत मासे बांधून देतात. याच्या पिशवीत ते प्लास्टिकच्या वेष्टणात होतं आणि सातव्या पानावर खूण. म्हणाला, जमीन घेताना आमच्या वकिलाला तुमच्या पुस्तकाचा फार उपयोग झाला, गावाबद्दल इतकं स्पष्ट दुसऱ्या कुणीच लिहिलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. परक्याला कळतं आणि घरच्याला कळत नाही.

टोपली परत दिली. साबण ठेवून घेतला, वास बरा होता.

८ नोव्हेंबर

ठरवलं. त्यांना करू दे त्यांचा दहाचा तमाशा. मी पहाटे नदीच्या तोंडाशी उतरणार, आहे तितक्या माणसांना घेऊन. त्यासाठी होडी हवी आणि पहिली होडी दरवर्षी बाल्तासार सुनिगाची असते. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, एका खोडातून होडी कोरणारा गावातला शेवटचा माणूस. त्याच्याकडे जायला आख्खा समुद्ररस्ता तुडवावा लागला. दिवसाढवळ्या रमची दुकानं भरलेली, भाड्याच्या सायकलींवरून गोऱ्या पोरी धडकतायत, आणि झावळ्यांच्या छपराखाली आमचीच कार्टी 'अर्ध्या तासात ढोल शिका' म्हणून पाटी लावून बसलीयत. अर्ध्या तासात. मला माझ्या काकांनी सहा वर्षं ढोलाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

बाल्तासार होडीला डांबर लावत होता. मी म्हटलं, काका, एकोणीसला तुमची होडी मला हवी, नदीच्या तोंडाशी. त्याने कुंचला डब्यात बुडवला. मग म्हणाला, "सत्तर वर्षं मी तिथे होडी लावतोय, पोरी. एकदाही मन लागलं नाही." याचा अर्थ काय, तर ते सांगेना. फेर्मिन म्हणेल तिथे होडी जाईल, म्हणाला.

म्हणजे यालाही विकत घेतलं. मी तसं त्याच्या तोंडावर बोलले. माझ्या वडिलांबरोबर वाढलेला माणूस, आणि एका हॉटेलापुढे लोटांगण. त्याने डांबराचा डबा माझ्या पायांपासून दूर सरकवला.

९ नोव्हेंबर

आजी स्वप्नात आली. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तरी ती होती हे कळलं. गुडघाभर पाण्यात उभी, झगा अंगाला चिकटलेला. म्हणाली, सगळ्यांना अंघोळ घातली, मला कोण घालणार? शेजारच्या पेत्रोनाला सांगितलं तर तिने लगेच छातीवर क्रूस काढला. पितर मागतात ते द्यावं, मेलेल्याला पाणी मिळालं नाही की जित्याची दुखणी सुरू होतात, म्हणाली. आणि अंघोळ घालायची तर ज्या जागी निजलीय तिथे खड्डा खणून, साबण-टॉवेल-कपडे मांडून घालायची. मी म्हटलं, जागा ठाऊक असती तर आणखी काय हवं होतं. पेत्रोनाबाई, मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, रात्री नारळाच्या रसातलं हुदुत जास्त खाल्लं की स्वप्नं पडतात, बस.

पण दिवसभर पाय गार आहेत.

११ नोव्हेंबर

पेत्रोनाच्या अंगणात कसावा किसला. आठ बायका, आठ किसण्या, गाणं सुरू झालं की हात आपोआप चालतात. मी गायले नाही. मी फेर्मिनबद्दल बोलत होते.

मग पेत्रोनाने नवीच बातमी दिली. तिची भाची डँग्रिगा शहरात वकिलाच्या ऑफिसात टाइप करते. तिथे फेर्मिन आणि व्हिटबी करार करायला दोन तास बसले होते. फेर्मिन म्हणे एकेका शब्दावर अडून. 'दरवर्षी एकोणीस नोव्हेंबरला, गाव असेपर्यंत' हे लिहिलंच पाहिजे. आणि 'त्यांचे पूर्वज ज्या जागी उतरले आणि राहिले त्या किनाऱ्यावर' हेही लिहिलंच पाहिजे. व्हिटबीला हे दुसरं इतकं आवडलं की जाहिरातीत छापू म्हणाला.

माझ्या हातातली किसणी खाली पडली. पूर्वज तिथे उतरले? हॉटेलच्या दारात? धडधडीत खोटं, आणि त्यावर आता सहीशिक्काही होणार. गाव विकलं ते विकलं, आता इतिहासही विकायला काढला, आणि तोही गाव असेपर्यंत. सगळ्या जगाला माहीत आहे आपण नदीच्या तोंडाशी उतरलो. माझ्या पुस्तकात सातव्या पानावर आहे: 'उत्तरेच्या किनाऱ्यावर झुडपं आणि खेकडे यांखेरीज कधीच काही नव्हतं.'

बायकांचं गाणं तुटलं. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या दोघी तर किसत राहिल्या जणू ऐकूच आलं नाही. माझा धाक अजून आहे गावात.

१३ नोव्हेंबर

व्हिटबीला समोरासमोर सांगायला गेले की त्याच्या करारात खोटं आहे. किनाऱ्याने चालत गेले, जशी साठ वर्षं गावात कुठेही जाते, फक्त एवढ्या उत्तरेला कधी आले नव्हते. वाळूत दोर बांधलाय. दोरापाशी क्लेमेंते, हॉटेलच्या गणवेशात, माझा चौथीतला विद्यार्थी, सातचा पाढा कधी आला नाही. मला बघून टोपी काढली. म्हणाला, "बाई, पाहुण्यांखेरीज कोणाला सोडायचं नाही असं आहे. थांबा, मी परवानगी विचारून येतो."

समुद्राच्या काठाला, माझ्या गावात, मी परवानगीसाठी उभी. रागाने मला दिसेनासं झालं. पंधरा मिनिटं उभी होते. इकडे बघ, तिकडे बघ, तेवढंच. दोराच्या आत बदामाची जुनी झाडं आहेत, त्यांच्याखाली वाळूत शंख रोवलेले. सगळे पालथे, तोंड खाली, पांढरेफटक, निम्मे बुडालेले. मला वाटलं हॉटेलची सजावट. एका ठिकाणी तर त्यांच्या मधोमध माळ्याने फुलांच्या कुंड्या मांडल्यात. मग क्लेमेंते आला आणि मला आत स्वागताच्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर तसलेच चार शंख, पुढे कार्ड: 'स्थानिक हस्तकला'.

व्हिटबी यायच्या आत मी क्लेमेंतेला विचारलं, हे कुठले? म्हणाला, बदामाखालचे, बाई, आम्ही आलो त्याच्या आधीपासूनचे आहेत, झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेले.

आपल्याकडे शंखांची हस्तकला कोणी करत नाही. आतलं मांस काढतात, खातात, टरफल फेकतात. पालथे रोवायचे तर फक्त, पूर्वी, सिमेंटचे क्रूस यायच्या आधी,

परत बाहेर जाऊन मोजलं. लांबट रिंगणं. एक माणूस आडवा होईल एवढी. अकरा आहेत, सगळी पूर्वेकडे तोंड करून. व्हिटबी मागून हाका मारत होता, मी थांबले नाही.

१४ नोव्हेंबर

उजाडताच बाल्तासारकडे. मी काही विचारलं नाही. नुसतं म्हटलं, अकरा. तो म्हणाला, "तेरा कबरी होत्या. दोन खरंच वाहून गेल्या."

मग तो सांगत गेला आणि मी वाळूत बसले. गाव तिथे होतं. पहिली होडी तिथेच लागली, त्याच्या आजोबांना ती जागा बोटाने दाखवता यायची. पंचेचाळीसच्या वादळात घरं गेली, माणसं रात्रीत नदीच्या तोंडाकडे पळाली आणि तिथेच राहिली. मागे राहिले ते मेलेले. पितरांना उघड्यावर सोडून आलो ही सगळ्यांच्या मनात भीती. म्हाताऱ्यांनी ठरवलं की त्या किनाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की ते उठतील आणि विचारतील, आम्हाला का टाकून गेलात? वर्षामागून वर्षं कोणी नाव घेतलं नाही, तिकडे पाय ठेवला नाही. झुडपं माजली, खेकडे झाले. सरकारला वाटलं जागा कोणाचीच नाही.

"तुझी आजी वादळानंतर दोन दिवसांनी गेली," तो म्हणाला. "मी दहा वर्षांचा होतो. तुझ्या आजोबांनी आणि माझ्या बापाने तिला परत बदामांखाली नेऊन खड्डा खणला, शंख मी वाहिले. घाई होती. अंघोळ घालायची राहून गेली."

मी ओरडले त्याच्यावर. एकतीस वर्षं मी नदीच्या तोंडाशी उतरणं बसवतेय, तुम्ही प्रत्येक वेळी होडी हाकलीत, एकदा तरी तोंड उघडायचं होतं. तो म्हणाला, पोरी, तू पुस्तकात दुसरी जागा लिहिलीस तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना हायसं वाटलं होतं. म्हटलं, बरं झालं, आता कोणी विचारणार नाही.

कोणी विचारलंही नाही. वकिलाने सातवं पान उघडलं आणि संपलं.

मीच लिहून दिलं. माझ्या आजीच्या डोक्यावर कुंड्या ठेवायची परवानगी माझ्या अक्षरात आहे, आणि मी त्या माणसाला खुर्ची दिली, आणि मला बरं वाटलं. शी. हे वाक्य पुन्हा वाचवत नाही.

१५ नोव्हेंबर

फेर्मिन स्वतःच आला, पेटी घेऊन; मला कळल्याचं बाल्तासारने सांगितलं असणार. वही सापडली होती. त्यात माझ्याच हातचं, विसाव्या वर्षीचं: 'अमुक बाई म्हणाल्या, बदामांच्या घरी परत जाता येत नाही.' खाली मी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अर्थ लागत नाही. सोडून द्यावं.' सोडून दिलं.

त्याला मागच्याच वर्षी बाल्तासारने सांगितलं होतं. तो जमिनीच्या कचेरीत गेला, तर तिथल्या बाबूने माझं निळं पुस्तक काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, तुमच्याच घरच्या बाईंनी लिहिलंय ना? वर्षभर. वर्षभर या पोराने मला एका शब्दाने दुखवलं नाही, आणि मी चर्चच्या पायरीपासून पेत्रोनाच्या अंगणापर्यंत त्याची लक्तरं टांगत हिंडले. म्हणून त्याने दुसरा रस्ता धरला. कचेरी आमचं ऐकत नाही ना, मग हॉटेललाच सहीनिशी लिहू दे की पूर्वज इथे उतरले आणि राहिले. त्या कागदावर कबरींच्या जागेसाठी अर्ज करता येतो.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तू त्याच दिवशी तिथे जाऊन ओरडली असतीस, आत्या. सही व्हायच्या आधी फाटक बंद झालं असतं."

मी ओरडले असते? अर्थात ओरडले असते. पण हे त्याने असं तोंडावर म्हणायला नको होतं. परवा मी तिथे ओरडायलाच गेले होते आणि गप्प परत आले, हे मी त्याला सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर

सही झाली.

१८ नोव्हेंबर

फेर्मिनने कराराचा कागद दाखवला. चष्मा पुसून दोनदा वाचला. तारीख आहे, वेळ कुठेच नाही. दहा वाजताचं म्हणजे नुसतं तोंडी. 'वेळेचं मी बघतो' म्हणाला होता खरा. मला हसू आलं, ते मी टॉवेलमागे लपवलं.

गावात घरोघरी सांगून झालंय, पहाटे, उत्तरेला. म्हाताऱ्या दोघी आधी नाही म्हणाल्या. भीती वाटते म्हणाल्या. मी म्हटलं मलाही वाटते, चला. पेत्रोनाने आजीसाठी पांढरा झगा शिवलाय, अंदाजाने, माझ्या मापाचा. पाणी ओतायला भोपळ्याचा तुंबा धुऊन ठेवला. टॉवेल नवा.

साबणाला फडताळात हात घातला तर व्हिटबीचाच हाताला लागला.

१९ नोव्हेंबर

दमलेय, तरी आजच लिहायचं.

अंधार होता तेव्हा निघालो. बाल्तासार सुकाणूला, मी पुढे कांड्या आणि झावळ्या घेऊन, मागे सात होड्या. फेर्मिन आधीच चालत गेला होता, साहेबाचा कोट घालून, कारण साहेब किनाऱ्यावर असतो. गावातली बाकी माणसं ढोल घेऊन दोराशी जमली होती. क्लेमेंतेने दोर सोडून गुंडाळून खांद्याला अडकवला होता. त्याला कोणी सांगितलं होतं की त्याचंच डोकं, विचारायला हवं.

उजाडलं आणि आम्ही पहिली फेरी घेतली. फेर्मिनने हात हलवून परत घालवलं. हॉटेलच्या सज्ज्यांत दिवे लागले, टॉवेल गुंडाळलेली माणसं बाहेर आली. दुसऱ्या फेरीला व्हिटबी वाळूतून धावत आला, एका पायात चप्पल. दहा, दहा, असं काहीतरी ओरडत होता आणि दोन्ही हातांची दहा बोटं दाखवत होता. पाण्यावर सगळं ऐकू येतं. फेर्मिनने त्याला शांतपणे सांगितलं, कागद वाचा, तारीख आजचीच आहे.

तिसरी फेरी. बाल्तासारने होडीचं तोंड किनाऱ्याकडे केलं. मी उभी राहिले. एकतीस वर्षांची वाक्यं जिभेवर होती, मीच लिहिलेली, आणि समोर बदामाची झाडं. 'उतरू द्याल का' हे मला म्हणवेना. कोणाला म्हणू? आणि मला दुसरंही काही सुचेना, सगळा गाव थांबलाय आणि बाई विसरल्या असं दिसत होतं.

तेव्हा फेर्मिनने कोटाची बटणं काढली. सावकाश, एक एक. कोट उतरवला आणि शेजारी उभ्या व्हिटबीच्या हातात दिला, माणूस पाण्यात उतरताना शेजाऱ्याकडे देतो तसा. आणि चालत पाण्यात आला, कमरेइतक्या, होडीला हात घातला आणि चढून माझ्याजवळ येऊन बसला. ओला, मला लागून. लहानपणी वीज चमकली की बसायचा तसा. आता किनाऱ्यावर साहेब म्हणून कोणी उरलं नाही. एकटा व्हिटबी, हातात लाल कोट, एका पायात चप्पल. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याला वाटलं आपली वेळ आली. त्याने सज्ज्यांकडे बघून, मोठ्याने, म्हटलं, "वेलकम!"

मी म्हटलं, "आम्ही विचारलं नाही."

बाल्तासारने होडी वाळूत घातली आणि म्हाताऱ्याच्या तोंडून असा आवाज निघाला की मी मागे वळून बघितलं नाही. ढोल सुरू झाले. लोक पाण्यात आले, होड्या ओढल्या. दोघी म्हाताऱ्या बदामांच्या अलीकडे थांबल्या आणि तिथूनच जोरात बोलायला लागल्या, नावं घेऊन, एकेक, चौऱ्याहत्तर वर्षांची राहिलेली. काही झालं नाही. कोणी उठलं नाही. एकीने डोळे पुसून दुसरीला म्हटलं, उगाच घाबरलो बाई आपण.

बाल्तासारने आजीची जागा दाखवली. कुंड्यांचीच होती. कुंड्या क्लेमेंतेने उचलल्या. व्हिटबी तिथवर आला, शंखांची रिंगणं बघितली, बराच वेळ बघितली, आणि मग स्वतःच आत जाऊन टेबलावरचे चार शंख आणून माझ्यापुढे ठेवले. मी त्याला माफ वगैरे केलेलं नाही, वकील त्याचाच आहे. पण कार्ड फाडलेलं होतं, ते मी पाहिलं.

खड्डा फेर्मिनने खणला. झगा अंथरला, टॉवेल ठेवला. पहिला तुंबा मी ओतला. माझ्यानंतर तो. मी आजीला सांगितलं की उशीर झाला, चूक माझ्याही हातची आहे, लिहून ठेवलेली आहे, खोडून देईन. मग साबण ओल्या वाळूवर चोळला, फेस झाला, आणि तो वास बदामांखाली पसरला. फेर्मिन म्हणाला, आत्या, हा तर हॉटेलचा साबण. मी म्हटलं, गप्प बस, पाणी ओत. त्याचीही माफी मागायची होती मला. पण तो तुंबा भरायला वळला होता.

आता घरी आहे. टाकी घोरते आहे. निळं पुस्तक काढून सातवं पान फाडलं, मग वाटलं फाडून कसं चालेल, मुलांना कळायला हवं कोणी काय लिहिलं होतं. पुन्हा चिकटवलं, आणि त्या वाक्यावर आडवी रेघ मारून खाली नाव घातलं: सोतेरा लांबे, माझी चूक. पाय मात्र आज गार नाहीत.